ग्रीक देवळाचे अवशेष, चार रंग आणि ठिपके: पॉप आर्ट स्क्रीन प्रिंट कशी काढायची

मागे खडकाळ डोंगर, पुढे सात जाडजूड खांब, त्यांच्यावर तुळईचा उरलेला तुकडा आणि वर निळंशार आकाश. कोरिंथच्या अपोलो देवळाचं हे दृश्य ग्रीसला न गेलेल्यांनीही पाहिलेलं असतं. पोस्टकार्डावर, ट्रॅव्हल कंपनीच्या पत्रकावर, इतिहासाच्या पुस्तकात ते कुठे ना कुठे भेटतंच. पॉप आर्टला, म्हणजे जाहिराती-कॉमिक्ससारख्या रोजच्या छापील चित्रांवर पोसलेल्या कलेला, नेमका हाच माल लागतो: इतक्या वेळा छापून झालेली गोष्ट की मूळ वस्तू आणि तिची छपाई यांत फरकच उरलेला नाही.

अमेरिकन चित्रकार रॉय लिक्टनस्टाइनने १९६४ मध्ये अपोलोच्या देवळाचं चित्र केलं ते याच अंगाने. त्याच वर्षी लंडनमध्ये चित्रकार पॅट्रिक कॉलफील्डने आपली पहिली स्क्रीन प्रिंट केली, तिचाही विषय अवशेषच. इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्सच्या संचासाठी ती ख्रिस प्रेटरच्या केल्प्रा स्टुडिओत छापली गेली. समुद्राच्या दोन बाजूंना दोघांनी एकाच सुमारास पडकी दगडं निवडावीत यात मला फारसं आश्चर्य वाटत नाही. अवशेष म्हटलं की हळहळ, गूढ, काळाचा महिमा वगैरे गोष्टी ठरलेल्या असतात. त्या सगळ्या बाजूला सारून जाड रेघ आणि सपाट रंगात तेच दगड मांडले की चित्र ताठ उभं राहतं.

म्हणून पुढचं सगळं काम करताना एकच गोष्ट धरून ठेवा. आपण देवळाचं चित्र काढत नाही, देवळाच्या पोस्टकार्डाचं चित्र काढतोय. कुठली भेग ठेवायची, कुठला रंग घ्यायचा, ठिपका किती मोठा, असा प्रत्येक प्रश्न याच कसोटीवर सुटतो.

या लेखात आपण ३८ × २७ सेंमीचं आडवं चित्र, चार रंग, २५ प्रती असं काम धरलं आहे. पद्धत स्क्रीन प्रिंटिंगची: फ्रेमवर ताणलेल्या जाळीतून (हीच स्क्रीन) शाई कागदावर ढकलायची, आणि जिथे रंग नको तिथली जाळी आधीच बुजवायची. सामान कुठल्याही जिल्ह्याच्या गावी मिळतं, कारण लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या याच पद्धतीने छापल्या जातात. जवळ पत्रिका छापणारं दुकान असेल तर आधी तिथे तासभर उभं राहून काम पाहा. स्क्वीजीवर, म्हणजे शाई ओढायच्या रबरी पट्टीवर, हात कसा पडतो हे वाचून कळत नाही.

कोणतं देऊळ घ्यायचं

पहिल्या प्रिंटसाठी मी कोरिंथच सुचवेन. देऊळ इ.स.पू. ५४० च्या आसपासचं. मूळचे ३८ खांब, समोर ६ आणि बाजूला १५ (कोपऱ्याचे दोन्हीकडे मोजून). आज उभे आहेत सात: कोपऱ्याचा खांब दोन्हीकडे मोजून एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला तीन. खांब सव्वासात मीटरच्या आसपास उंच आणि बुडाशी पावणेदोन मीटरच्या घरात रुंद, म्हणजे उंची रुंदीच्या जेमतेम चौपट. हे बुटके, दणकट खांब छपाईला फार सोयीचे पडतात, कारण लहान आकारातही त्यांत रंग भरायला जागा राहते. मागचा अक्रोकोरिंथचा ५७५ मीटर उंच डोंगर चित्राला एक मोठा सपाट आकार आयता देतो.

सुनियोनच्या टोकावरचं पोसायडनचं देऊळ समुद्रामुळे मोहात पाडतं. पण तिथले संगमरवरी खांब सडपातळ आहेत, आणि बारीक खांबांच्या दोन कडांच्या काळ्या रेघा जवळजवळ आल्या की आतला रंग गुदमरतो. ते करायचंच असेल तर सगळं देऊळ घेऊ नका, तीन-चार खांबच मोठे करून घ्या. पार्थेनॉन दुसऱ्या-तिसऱ्या प्रिंटसाठी राखून ठेवा. तिथे तपशील इतका आहे की काय गाळायचं हे ठरवण्यातच दमछाक होते, शिवाय क्रेन आणि परांच्याही बऱ्याच फोटोंत येतात. (पॉपच्या दृष्टीने त्या परांच्या मला देवळाइतक्याच रंगवाव्याशा वाटतात, पण तो वेगळा प्रकल्प.)

एक निवड मात्र कमी लोक करतात आणि ती करायला हवी: अथेन्समधलं ऑलिंपियन झ्यूसचं देऊळ. मूळच्या १०४ खांबांपैकी १५ उभे आहेत. सोळावा १८५२ च्या वादळात कोसळला आणि तेव्हापासून तिथेच आडवा पडून आहे, त्याचे गोल तुकडे बिस्किटांचा पुडा फुटून सांडल्यासारखे एकावर एक कललेले. इतका तयार पॉप आकार दुसरीकडे सापडणं कठीण. फक्त त्या देवळाच्या खांबांची शीर्षं कोरिंथियन, म्हणजे पानाफुलांची आहेत. त्यांच्या नादी न लागता पडलेला खांबच पूर्ण चौकटीत बसवा.

फोटो: कुणाचा, कुठल्या वेळचा

इंटरनेटवरचा फोटो उचलून त्यावर रेघा मारल्या म्हणजे तो आपला होत नाही. स्वतः काढलेला फोटो सगळ्यात बरा. नाहीतर एकोणिसाव्या शतकातले फोटो वापरा. जेम्स रॉबर्टसन, विल्यम स्टिलमन, फेलिक्स बॉन्फिस यांनी त्या काळात ग्रीसचे अवशेष भरपूर टिपले आणि ते आता सार्वजनिक मालकीचे आहेत. काळ्या-पांढऱ्या जुन्या फोटोंचा आणखी एक फायदा असा की रंगांची लालूच नसल्याने उजेड आणि सावली चटकन वेगळी दिसते.

प्रिंट विकणार असाल तर एक गोष्ट माहीत असू द्या. ग्रीसच्या २००२ च्या पुरातत्त्व कायद्याने सरकारी स्मारकांच्या प्रतिमांचा व्यावसायिक वापर परवानगी आणि शुल्काच्या चौकटीत आणला. घरात टांगायच्या प्रिंटला त्याची झळ नाही. ग्रीसमध्ये किंवा तिथल्या दुकानांतून विक्री करायची असेल तर आधी चौकशी करा.

उजेड भर दुपारचा हवा. फोटोग्राफर मंडळी संध्याकाळचा सोनेरी प्रकाश शोधतात, आपल्याला त्याचा उपयोग नाही. दुपारच्या उन्हात तुळईच्या खाली, खांबाच्या शीर्षाखाली सावलीच्या काळ्या पट्ट्या धारदार पडतात आणि मधले करडे टोन जवळपास नाहीसे होतात. लिक्टनस्टाइनने १९७० च्या दशकात खांबांवरच्या तुळयांची आख्खी मालिका केली. तिच्यासाठी त्याने न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीट भागातल्या ग्रीक धाटणीच्या इमारतींचे फोटो काढले, तेही दुपारच्या उन्हात. खऱ्या ग्रीसपेक्षा ग्रीसची नक्कल त्याला जास्त कामाची वाटली, हे त्याच्या एकूण धोरणाला धरूनच होतं.

मुंबईकरांना हाच सराव फोर्टात करता येईल. १८३३ मध्ये पुरा झालेला टाउन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटीची इमारत, डोरिक (ग्रीकांची सगळ्यात साधी धाटणी, कोरिंथला आहे तीच) खांबांची आहे. दुपारी बाराला पायऱ्यांच्या खाली उभं राहून शीर्षाखालची सावली कशी पडते ते पाहिलं की फोटोतलं कोरिंथ वाचता येऊ लागतं.

काळी रेघ

फोटो ३८ × २७ सेंमीच्या चौकटीत मोठा करून छापा, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि जाड मार्करने काम सुरू करा. कंप्युटरवर थेट रेखाटलं तरी चालेल. पण पहिला आराखडा मार्करने केला तर बारीक तपशील काढताच येत नाही, आणि आपल्याला तेच हवं आहे.

क्रम असा ठेवा. आधी बाह्याकार: सातही खांब, तुळई आणि डोंगर यांची एकत्रित कड. मग सावल्यांचे आकार, पूर्ण काळे भरून. त्यानंतर उरलंच काही तर आतल्या रेघा. बहुतेक जण उलटं करतात, आतल्या भेगांपासून सुरुवात करतात, आणि चित्र पर्यटन खात्याच्या पेनच्या स्केचसारखं होऊन बसतं.

डोरिक खांबाची ठेवण डोक्यात पक्की असू द्या. खाली बैठक नाही, खांब सरळ फरशीवर उभा. वर जाताना किंचित निमुळता. त्याच्यावर उशीसारखा फुगीर गोल भाग आणि त्यावर चौकोनी सपाट ठोकळा. कोरिंथसारख्या जुन्या देवळांत ही उशी चांगली पसरट असते. ती बारीक काढली की देऊळ शंभर वर्षांनी धाकटं दिसू लागतं.

खांबावरच्या उभ्या पन्हळी हा सगळ्यात फसवा भाग. डोरिक खांबाला साधारणपणे २० पन्हळी असतात (सुनियोनला १६). समोरून त्यांतल्या निम्म्याच दिसतात आणि सगळ्या सारख्या रुंदीच्या दिसत नाहीत, मध्ये रुंद आणि कडेला चिंचोळ्या. नीट काढायचं तर खांबाच्या बुडाखाली एक अर्धवर्तुळ काढा, त्याचे दहा समान भाग करा आणि प्रत्येक खुणेतून वर उभी रेघ न्या. रेघांची अंतरं आपोआप बरोबर येतात. मग त्यांतल्या निम्म्या पुसून टाका. आपल्या आकारात एक खांब जेमतेम तीन सेंमी रुंद होणार, त्यात दहा पन्हळी छापल्या तर नुसतं काळं जाळं दिसेल. सावलीच्या बाजूच्या चार-पाच रेघा ठेवा आणि उजेडाची बाजू कोरी सोडा. डोळा बाकीचं भरून घेतो.

कोरिंथच्या खांबांवर आडव्या सांध्याच्या रेघा काढू नका. ग्रीक खांब म्हणजे गोल तुकड्यांची चळत, हे चित्र मनात इतकं घट्ट असतं की हात आपोआप सांधे काढतो. कोरिंथचे खांब मात्र एकसंध आहेत, प्रत्येक खांब एकाच दगडाचा. पार्थेनॉन किंवा सुनियोन करताना सांधे जरूर काढा, तिथे ते आहेत.

रेघेची जाडी बाहेरच्या कडेला ३ मिमी, आतल्या रेघांना दीड ते २ मिमी. तुटलेल्या कडांना तीन-चार ठाशीव कोन पुरेत. थरथरती, नाजूक, ‘कलात्मक’ रेघ आली की ती पुसून सरळ करा.

चार रंग

काळी रेघ, सूर्यफुली पिवळा, शेंदरी लाल, गडद निळा. पाचवा रंग कागदाचा पांढरा, तो फुकट मिळतो म्हणून विसरू नका.

माझी मांडणी अशी: खांबांची उजेडाची बाजू पांढरी, सावलीची बाजू पिवळी. तुळईचा पुढचा भाग लाल. आकाश निळ्या ठिपक्यांचं. डोंगर सपाट पिवळा आणि त्यावर लाल तिरप्या पट्ट्या. जमीन पांढरी, तिच्यावर खांबांच्या काळ्या सावल्या. लाल शाई पिवळ्यावर पडली की नारिंगीकडे झुकते, त्यामुळे चार शायांत आणखी एक रंग पदरात पडतो.

दगडाला असले भडक रंग देणं ज्यांना खटकेल त्यांच्यासाठी: ही देवळं पांढरी नव्हती. कोरिंथच्या चुनखडीवर गुळगुळीत गिलावा होता, आणि ग्रीक देवळांच्या वरच्या भागांत निळ्या-लाल रंगांच्या खुणा आजही सापडतात. तुळईवरच्या तीन उभ्या पट्ट्यांच्या ठोकळ्यांना निळा रंग देण्याची तर सर्रास पद्धत होती. शुभ्र संगमरवराची आवड ही नंतरच्या युरोपची.

आता प्रत्येक रंगाचा वेगळा थर करायचा. प्रत्येक थर फक्त काळ्या-पांढऱ्यात काढा, कारण पुढे तो ज्या पारदर्शक फिल्मवर छापायचा तिला रंग कळत नाही, उजेड अडतो की जातो एवढंच कळतं. दोन रंग जिथे भेटतात तिथे काळी रेघ असेल तर रंगाची कड त्या रेघेच्या बरोबर मध्ये संपवा. २ मिमीची रेघ असेल तर दोन्ही बाजूंना १ मिमी सरकण्याची मुभा मिळते. हाताने छापताना अर्धा-पाऊण मिलिमीटर इकडेतिकडे होतंच, ते सगळं रेघेखाली झाकलं जातं. पॉपमधली जाड काळी रेघ देखणी तर असतेच, पण छापणाऱ्याची अब्रूही तीच राखते.

चारही थरांवर चौकटीबाहेर, एकाच जागी, अधिक चिन्हाच्या (+) चार खुणा काढा. याच खुणा पुढे रंग जुळवायला लागतात.

ठिपके

हे ठिपके ज्यांच्या नावाने ओळखले जातात त्या बेंजामिन डे यांनी १८७९ मध्ये छपाईत छटा देण्यासाठी ही पद्धत आणली. पुढे स्वस्त कॉमिक्सनी ती उचलली. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की एका भागातले बेन डे ठिपके सगळे एकाच मापाचे असतात. वर्तमानपत्रातल्या फोटोचे ठिपके लहान-मोठे होतात आणि त्यातून फोटो दिसतो. दोन्हींची गल्लत करू नका. फोटोवर ‘हाफटोन’ फिल्टर मारून मिळतं ते वर्तमानपत्र, कॉमिक्स नव्हे.

लिक्टनस्टाइनने सुरुवातीला कुत्र्याचे केस विंचरायचा ब्रश रंगात बुडवून ठिपके उठवले. ते वेडेवाकडे यायचे, म्हणून पुढे भोकं पाडलेला धातूचा पत्रा स्टेन्सिलसारखा वापरला. आपल्याला कंप्युटर आहे. इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक ठिपका काढून त्याच्या प्रती जाळीत पसरवा, किंवा फोटोशॉपमध्ये सपाट ३५ टक्के करड्या रंगाला हाफटोन करा. रंग सपाट असल्यामुळे ठिपके सारखेच येतात.

माप सांगतो. दोन ठिपक्यांच्या केंद्रांत ३ मिमी अंतर, ठिपक्याचा व्यास २ मिमी. हिशेब केला तर सुमारे ३५ टक्के भाग निळा आणि बाकीचा कागद. हातभर अंतरावरून ठिपके सुटे दिसतात आणि खोलीच्या दुसऱ्या टोकावरून फिकट आकाश. याहून बारीक केले तर जवळूनही छटाच दिसते, मग ठिपक्यांना काही अर्थ उरत नाही. जाळी ४५ अंशांनी फिरवा. आडव्या-उभ्या रांगा खांबांच्या रेघांशी समांतर झाल्या की डोळ्याला खुपतात.

ठिपके खांबाच्या कडेला भिडतात तिथे सगळ्यात जास्त वेळ द्या. अर्धा कापलेला ठिपका चांगला दिसतो, छापखान्याच्या यंत्राने कापल्यासारखा. पण काळ्या रेघेबाहेर नखाएवढी निळी कोर डोकावत असेल तर ती घाण वाटते. पूर्ण आकाशभर फिरून अशा कोरी हाताने काढून टाका. कंटाळवाणं काम आहे, करा.

फिल्म आणि स्क्रीन

३८ × २७ चं चित्र खुणांसकट ए-३ कागदावर बसतं, माप त्यासाठीच घेतलं. झेरॉक्सच्या दुकानात चारही थर पारदर्शक फिल्मवर किंवा ट्रेसिंग पेपरवर लेझर प्रिंट करून घ्या. काळा खरोखर काळा हवा. खिडकीपुढे धरून पाहा, आरपार उजेड दिसला तर पुन्हा काढायला लावा. ट्रेसिंग पेपर वापरलात तर मागून खाद्यतेलाचा हलका हात फिरवून जास्तीचं पुसून घ्या, कागद अधिक पारदर्शक होतो. लेझरच्या उष्णतेने ट्रेसिंग थोडा आक्रसतो, म्हणून चारही थर एकाच मशीनवर, एकामागोमाग, एकाच दिशेने काढा.

फ्रेम आतून साधारण ५५ × ४५ सेंमी. चित्र आणि फ्रेमच्या कडेत मोकळी जागा नसेल तर जाळी नीट दबत नाही आणि कडेचे ठिपके फुटतात. लाकडी फ्रेम पाण्याने वाकते, परवडत असेल तर ॲल्युमिनियमची घ्या. जाळी ७७ किंवा ९० नंबरची, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये तितके धागे. दुकानात ताणून मिळते. बोटाने दाबल्यावर ती तबल्याच्या पुडीइतकी ताठ लागली पाहिजे.

इमल्शन म्हणजे जाळीवर लावायचं, उजेड लागला की घट्ट होणारं द्रावण; फिल्मवरच्या काळ्या भागाखाली ते मऊ राहून धुऊन जातं आणि तिथूनच शाई उतरते. ते डायझोचं घ्या. काही जुन्या दुकानांत अजून बायक्रोमेटचं सेन्सिटायझर (इमल्शनला उजेड कळावा म्हणून मिसळायचं रसायन) मिळतं, स्वस्तही असतं. ते विषारी आहे, कर्करोगाचा धोका असलेलं क्रोमियम त्यात असतं, आणि घरच्या मोरीत ते धुणं तर मुळीच नको.

जाळी डिटर्जंटने धुऊन वाळवा. पिवळ्या बल्बच्या उजेडात कोटरने (इमल्शन पसरवायच्या पन्हळीने) एक पातळ थर बाहेरून, एक आतून द्या. स्क्रीन आडवी ठेवून, कागदाकडची बाजू खाली करून, अंधारात पंख्याखाली वाळवा. पावसाळ्यात हे वाळणं दुप्पट वेळ खातं. वरून कोरडं वाटणारं इमल्शन आत ओलं असेल तर धुताना सगळं निघून येतं.

एक्स्पोजिंगला, म्हणजे फिल्म लावून स्क्रीनवर दिव्याचा उजेड पाडायला, किती वेळ हे कुणीही फोनवर सांगू शकत नाही. तुमचा दिवा, अंतर, थराची जाडी यावर ते ठरतं. एका छोट्या स्क्रीनवर चाचणी घ्या: पुठ्ठा दर मिनिटाला सरकवत १ ते ८ मिनिटांच्या पट्ट्या पाडा आणि धुऊन पाहा. ज्या पट्टीत इमल्शन घट्ट आहे आणि ठिपकाही पूर्ण उघडला आहे ती तुमची वेळ. ती लिहून भिंतीवर चिकटवा. उन्हातही एक्स्पोज होतं, पण ढग आला की हिशेब बिघडतो, आणि आपल्याला चार स्क्रीन सारख्या हव्यात.

फिल्म सुलटी ठेवली आहे ना, वर काच घट्ट दाबली आहे ना, एवढं पाहून दिवा लावा. मग दोन्ही बाजू भिजवा, दीड-दोन मिनिटं थांबा आणि हलक्या फवाऱ्याने उघडा. स्क्रीन उजेडात धरून प्रत्येक ठिपका तपासा. सुईच्या टोकाएवढी नको ती भोकं इमल्शनच्या थेंबाने बुजवा, कडेला टेप लावा.

छपाई

कागद २५० ते ३०० जीएसएमचा, आम्लरहित आणि गुळगुळीत. पुण्याच्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणचा हातकागद मला फार आवडतो, पण या कामाला नाही. त्याचा खरखरीतपणा सपाट रंगात पांढरे डाग ठेवतो आणि चित्राला ‘हस्तकला’ करून टाकतो. पोस्टकार्डाचा तुकतुकीतपणा जायला नको. ५६ × ३८ सेंमीचा ताव घ्या. चित्राभोवती बाजूंना ९ आणि वर-खाली साडेपाच सेंमी कोरी जागा राहील. २५ प्रती हव्या तर ३२ ताव काढा, आणि ते छपाईच्या खोलीतच दोन दिवस आधी पसरून ठेवा. कोकणातल्या जुलैत कागद ओल पिऊन फुगतो, पिवळा छापताना एक माप आणि काळा छापताना दुसरं. पर्याय असेल तर हे काम डिसेंबरात करा.

शाई पाण्याची. ॲक्रिलिक रंगात तेवढंच स्क्रीन मीडियम (रंग जाळीत लवकर सुकू न देणारं मिश्रण) मिसळा. पाव लिटर मिश्रण एका रंगाला पुरून उरतं. थोडंच करून मध्येच संपलं तर तीच छटा पुन्हा जुळत नाही. चकाकणाऱ्या फ्लोरोसंट शाईचा मोह पॉप करताना हमखास होतो. ती उजेडात लवकर उडते, भिंतीवर लावायच्या प्रिंटला वापरू नका.

स्क्रीन टेबलाला बिजागरीच्या क्लॅम्पने जोडा. पुढच्या बाजूला नाण्याएवढे पुठ्ठ्याचे तुकडे चिकटवून जाळी आणि कागद यांत २-३ मिमी फट ठेवा. कागद बसवायला तीन थांबे: लांब कडेला दोन, आखूड कडेला एक. प्रत्येक ताव चारही रंगांना त्याच तीन थांब्यांना टेकला पाहिजे, म्हणून कुठला कोपरा थांब्याचा ते मागे पेन्सिलीने खूण करून ठेवा.

आधी पिवळा, मग लाल, मग निळा, शेवटी काळा. दुसऱ्या रंगापासून जुळवण्यासाठी टेबलाच्या कडेला एक पारदर्शक प्लास्टिकचा ताव टेपने बिजागरीसारखा लावा आणि नवा रंग आधी त्यावर छापा. मग त्याच्याखाली पिवळा छापलेला कागद सरकवून खुणा एकावर एक आणा, तिथे तीन थांबे पक्के करा आणि प्लास्टिक बाजूला उलटून टाका. दहा मिनिटांचं काम आहे, आणि याने वाचणारे ताव मोजायला लागलात तर ही पायरी कधी गाळणार नाही.

हात मारायची रीत: स्क्रीन थोडी उचलून, दाब न देता शाई जाळीवर पसरवा. मग स्क्रीन खाली टेकवून स्क्वीजी साधारण ७० अंशांत धरा आणि एकाच वेगात, एकाच दमात स्वतःकडे ओढा. दुसरा हात मारू नका, ठिपके दुहेरी होतात. स्क्रीन उचला, कागद काढा, लगेच पुन्हा शाई पसरवून ठेवा. शाईचा तो थर जाळी ओली ठेवतो. मे महिन्यात तेवढ्यानेही भागत नाही, मधूनमधून पाण्याचा बारीक फवारा मारावा लागतो. कामाच्या मध्ये फोन उचलायचा नाही. पाच मिनिटांत ॲक्रिलिक जाळीत घट्ट बसतं.

बिघाडांपैकी तीनच नेहमी भेटतात. ठिपक्यांभोवती शाई पसरत असेल तर शाई पातळ झाली आहे किंवा दाब जास्त आहे. ठिपक्यांची एखादी रांग फिकी येत असेल तर तिथली जाळी सुकली आहे: ओल्या स्पंजाने पुसा, दोन रद्दी कागदांवर हात मारा, मग पुढे जा. सपाट लाल भागात जाळीची नक्षी उमटत असेल तर फट वाढवा आणि मीडियम थोडं जास्त घाला.

काळा रंग शेवटी पडतो तो क्षण खरोखर मजेचा असतो. तोवर कागदावर नुसते ढिले, अर्धवट रंगाचे तुकडे असतात, आणि एका हातात देऊळ उभं राहतं.

नंबर, सही, विक्री

पूर्ण वाळल्यावर सगळ्या प्रती शेजारी शेजारी मांडा. रंग सरकलेल्या, डाग पडलेल्या काढून टाका. चित्राखाली पेन्सिलीने डावीकडे नंबर (१/२५, २/२५), मध्ये शीर्षक, उजवीकडे सही आणि साल. दोन-तीन प्रती ‘आर्टिस्ट्स प्रूफ’ (कलाकाराच्या स्वतःच्या, या नंबरांबाहेरच्या प्रती) म्हणून वेगळ्या ठेवता येतात. २५ जाहीर केल्या म्हणजे २५. मागणी आली म्हणून सव्विसावी काढली तर पहिल्या पंचवीस घेणाऱ्यांशी ती बेइमानी होते.

फ्रेम करताना काच कागदाला टेकू देऊ नका, मध्ये माउंट हवाच. दमट हवेत काचेला चिकटलेली शाई सोडवता येत नाही.

स्क्रीन धुण्याआधी एकदा विचार करा. त्याच काळ्या स्क्रीनवर दुसरे रंग घेऊन वेगळी आवृत्ती काढता येते: डोंगर गुलाबी, खांब कोरे, आकाश गडद निळं आणि त्यात पिवळे ठिपके. त्याला वेगळं शीर्षक आणि वेगळे नंबर द्या. ते नको असेल तर दोन्ही बाजूंना स्ट्रिपर (इमल्शन काढायचं रसायन) लावा, तीन-चार मिनिटांत इमल्शन सैल झालं की जोरदार पाण्याने काढा. स्ट्रिपर जाळीवर सुकू देऊ नका. तो सुकला की उरलेलं इमल्शन धाग्यांत कायमचं बसतं आणि जाळी नवी ताणावी लागते.